जिम हारबॉ की जॉन हारबॉ?

३ फेब्रुवारी २०१३ ला न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा (एनएफएलचा) अंतिम सामना झाला, तेव्हा दोन्ही संघांचे मुख्य कोच हारबॉच होते. बाल्टिमोर रेव्हन्सकडे जॉन, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडे जिम. जिम हा जॉनचा पाठचा भाऊ, पंधरा महिन्यांनी लहान. जॉनचा संघ ३४-३१ असा जिंकला. अमेरिकन फुटबॉल नव्याने बघणारे आजही या दोघांत गल्लत करतात.

व्यावसायिक फुटबॉल खेळला तो जिम. मिशिगन विद्यापीठाचा हा क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) १९८७ मध्ये ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजचे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडण्याच्या, पहिल्याच फेरीत शिकागो बेअर्सकडे गेला आणि १४ मोसम एनएफएलमध्ये टिकला. जॉन कॉलेजपुरताच खेळला. कोच म्हणून मात्र उलटं झालं. जॉन कॉलेजमध्ये सहायकापलीकडे गेला नाही, १९९८ पासून एनएफएलमध्येच रमला आणि २००८ मध्ये रेव्हन्सचा मुख्य कोच झाला. जिमनेही एनएफएलचे संघ सांभाळले, पण त्याचं खरं काम कॉलेजांत आहे, असं मला ठामपणे वाटतं.

कॉलेजचा कोच फक्त डावपेच आखत नाही. एनएफएलमध्ये खेळाडू ड्राफ्टमधून किंवा पैसे मोजून मिळतात. कॉलेजमध्ये सतरा-अठरा वर्षांच्या पोराला आणि त्याच्या आईवडिलांना पटवावं लागतं. जिम हे शिकला खेळत असतानाच. वडील जॅक हारबॉ वेस्टर्न केंटकीचे कोच होते. एनएफएलचा पगारी क्वार्टरबॅक असलेला हा मुलगा १९९४ पासून त्यांचा बिनपगारी सहायक होता आणि त्यांच्यासाठी खेळाडू हेरायचा. पुढे मिशिगनचा कोच झाल्यावर २०१६ मध्ये तो एका शाळकरी किकरच्या (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणाऱ्या खेळाडूच्या) घरी चक्क रात्रीच्या मुक्कामाला गेला होता.

मुख्य कोच म्हणून सुरुवात २००४ मध्ये, सॅन डिएगो विद्यापीठात. तिथे फुटबॉलला शिष्यवृत्तीसुद्धा नव्हती. तीन मोसमांत २९ विजय, ६ पराभव.

मग स्टॅनफर्ड विद्यापीठ, २००७ मध्ये. आदल्या वर्षी, २००६ मध्ये, हा संघ १२ पैकी ११ सामने हरला होता. ६ ऑक्टोबर २००७ ला लॉस एंजेलिसमध्ये देशात दुसऱ्या क्रमांकावरच्या यूएससीशी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी) गाठ पडली. सट्टेबाजांनी स्टॅनफर्डला ४१ गुणांनी मागे धरलं होतं आणि नेहमीचा क्वार्टरबॅक आजारी होता. राखीव क्वार्टरबॅक टविटा प्रिचर्ड पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता. एक मिनिटही उरलं नव्हतं, चौथा डाउन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा शेवटचा प्रयत्न होता. तेव्हा प्रिचर्डने गोलरेषेपलीकडे मार्क ब्रॅडफर्डकडे पास टाकला. २४-२३! यूएससी घरच्या मैदानावर सलग ३५ सामने हरलं नव्हतं. २०१० च्या मोसमात हेच स्टॅनफर्ड १२ विजय, १ पराभव इथवर पोचलं आणि ऑरेंज बोल हा मोसमाअखेरचा मानाचा सामना जिंकलं. पुढे मिशिगनला मिळालेल्या विजेतेपदापेक्षाही मला ही कामगिरी मोठी वाटते, कारण इथे हाताशी जवळजवळ काहीच नव्हतं.

२०१५ मध्ये जिम मिशिगनला परतला. ८ जानेवारी २०२४ ला वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून संघ १५-० असा राष्ट्रीय विजेता झाला. त्याच मोसमात प्रतिस्पर्धी कोच मैदानाबाहेरून खेळाडूंना करतात ते इशारे चोरण्याचं प्रकरण गाजलं, त्याच्यावर दोनदा निलंबनाची वेळ आली. विजेतेपदानंतर लगेच तो एनएफएलच्या लॉस एंजेलिस चार्जर्सकडे गेला. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेने खेळाडू भरतीचे नियम मोडल्याबद्दल २०२४ मध्ये त्याच्यावर चार वर्षांचे निर्बंध लादले, आणि इशारे चोरीसाठी २०२५ मध्ये त्यापुढची आणखी दहा. हे निर्बंध संपेपर्यंत कुठल्याही कॉलेजला त्याला घेणं फार अवघड आहे.