सोनं निघतं, पारा राहतो

सराफ बाजारात पहाटे सोन्याच्या चुऱ्यासाठी गटाराचा गाळ भरून नेणारे झारेकरी ठाणेकरांनी पाहिले असतील. गाळ घमेल्यात धुवायचा, तळाशी उरलेल्या जड कणांत पारा घालून मळायचा. पारा वाळूला धरत नाही, सोन्याला मात्र चिकटतो. फडक्यातून पिळलं की जादाचा पारा गळतो आणि रुपेरी गोळी उरते, तीत साधारण निम्मा पाराच. ती तापवली की पारा उडतो, कारण तो 357 अंशांना उकळतो आणि सोनं वितळायलाच 1064 अंश लागतात.

पेरूतल्या माद्रे दे दिओसमध्ये, ब्राझीलच्या तापाजोस नदीवर हीच कृती मैलोगणती काठावर चालते. 2015 साली जगभरच्या अशा छोट्या सोन्याच्या खाणींतून सुमारे 838 टन पारा हवेत गेला. कोळसा जाळण्याचा नंबर त्याच्यानंतर लागतो.

वाफ खाणवाल्याच्या फुप्फुसात जाते. नदीत सांडलेल्या पाऱ्याचं तसं नाही. धातूच्या रूपात तो गिळला तरी पोटात फारसा शोषला जात नाही. खरी गोम गाळात आहे. प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू त्याचं मिथाइल पारा करतात. हे रसायन प्रथिनांना चिकटतं, लवकर बाहेर पडत नाही. बारका मासा, त्याला खाणारा मोठा मासा असं चढत शिकारी माशात ते पाण्याच्या लाखो पट होतं आणि गरोदर बाईने तो खाल्ला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतं. म्हणजे सोनं एकाचं, मासा खाणारा भलताच, कधी शेकडो किलोमीटर खाली राहणारा.

ओहोटीला कळवा पुलावर नाकात भरतो तो नासक्या अंड्याचा वास अशाच चिखलाचा. तो वायू सोडणारे सल्फेटखाऊ जिवाणू आणि मिथाइल पारा करणारे जिवाणू बरेचसे एकाच कुळातले. उल्हासच्या खाडीत सोन्याची खाण नाही, पण कॉस्टिक सोड्याच्या जुन्या कारखान्यांचा पारा तिथल्या गाळात संशोधकांना सापडलेला आहे.

पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार 2017 मध्ये लागू झाला, भारताने 2018 मध्ये मंजूर केला. छोट्या खाणींपुरता तो मला जरा मवाळ वाटतो: पारा कमी करा, जमेल तिथे बंद करा. पण नुसत्या बंदीने काय होणार? पारा स्वस्त आहे, काम पटकन होतं, एकट्याला जमतं. गोळी बंद भांड्यात तापवून वाफ नळीतून थंड केली तर बहुतेक पारा परत मिळतो. धुताना सांडलेला मात्र मिळत नाही. फिलिपिन्सच्या बेंगेट भागातले बरेच खाणवाले पाराच टाळतात. धुऊन उरलेल्या जड कणांत ते टाकणखार घालून सोनं वितळवतात. डाग देताना आपला सोनार सवागी म्हणून वापरतो, तोच हा.