लिहायचं ब्रुग, म्हणायचं ड्रुक

भूतानमधल्या पुनाखाच्या किल्ल्यात आमच्या सहलीतल्या एका काकांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवून जाहीर केलं, "ही आपलीच लिपी. म्हणजे भाषाही संस्कृतातूनच निघालेली!" पहिलं वाक्य जवळजवळ बरोबर, दुसरं साफ चूक. घोटाळा केला तो 'म्हणजे'ने.

लिपी वेगळी आणि भाषा वेगळी, हे गोव्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. कोंकणी देवनागरीत लिहितात, रोमीत (रोमन लिपीत) लिहितात, कन्नड लिपीतही लिहितात. रोमीत लिहिली म्हणून ती पोर्तुगीजची लेक ठरत नाही. नातं शोधायचं तर रोजच्या वापरातले जुने शब्द बघावेत, उदाहरणार्थ आकडे. संस्कृत त्रि, सप्त, अष्ट. मराठी तीन, सात, आठ. भूतानच्या जोंगखा भाषेत हेच सुम, द्युन, गॅ. काही जुळतंय का? पण पाचाला जोंगखात 'ङा' म्हणतात, म्यानमारच्या बर्मी भाषेतही 'ङा' आणि मणिपुरीत 'मङा'. एका आकड्यावर सोयरीक ठरत नाही हे खरं, पण मूळ शब्दसंग्रहात अशा जुळण्या रांगेने सापडतात. जोंगखा चिनी-तिबेटी कुळातली, संस्कृत इंडो-युरोपीय कुळातली.

'जोंग' म्हणजे किल्ला आणि 'खा' म्हणजे तोंड, म्हणून बोली. थोडक्यात गडबोली. 1971पासून ती भूतानची राष्ट्रभाषा आहे. तिच्या नावातला ज 'जहाज'मधला आहे, 'जिलेबी'तला नव्हे. हिंदीवाल्यांची इथे पंचाईत होते, आपली होत नाही.

आता लिपी. सातव्या शतकात उत्तर भारतातल्या गुप्तकालीन ब्राह्मीवरून तिबेटी लिपी घडवली गेली. परंपरा याचं श्रेय थोन्मी संभोट या मंत्र्याला देते. तीच लिपी जोंगखा वापरते. आजच्या रूपातली देवनागरी तेव्हा घडायचीच होती, त्यामुळे या दोन लिप्या मायलेकी नसून चुलतबहिणी आहेत. क, ख, ग, ङ. च, छ, ज, ञ असा आपलाच क्रम, पण घ-झ-ध-भ गाळलेले, कारण ते ध्वनी तिबेटीत नव्हतेच. ट-ठ-ड-ण ही ओळही गायब. उलट 'चमचा'तला च आणि 'जहाज'मधला ज लिहायला त्यांनी मूळ च-ज वर छोटी शेपटी काढून नवी अक्षरं केली. आपण मराठीत ते दोन्ही उच्चार अजून एकाच अक्षरावर भागवतो.

इथून पुढे माझा आवडता भाग. भूतानी लोक आपल्या देशाला 'ड्रुक युल' म्हणतात, गडगडणाऱ्या ड्रॅगनचा देश. 'ड्रुक' लिहिताना मात्र अक्षरं येतात ब, र, ग. 'आठ' लिहिताना ब-र-ग-य-द अशी पाच व्यंजनं लिहायची आणि म्हणायचं नुसतं 'गॅ'. ही चूक नव्हे. लिपी बनली तेव्हा ही व्यंजनं खरोखर उच्चारली जात. बाल्टिस्तानातल्या नात्यातल्या भाषेत 'तीन'ला अजून 'ख्सुम' म्हणतात. जोंगखात लिहितात 'ग्सुम', बोलतात 'सुम'.

गेलेली व्यंजनं मात्र खुणा ठेवून गेली. 'ब्र' म्हणताना ओठ मिटलेले असतानाच जीभ 'र'साठी वळून तयार असते. पुढे ओठांचं काम सुटलं, वळलेली जीभ उरली. वळलेल्या जिभेने अडवलेली हवा म्हणजेच ड. आपल्याकडेही 'र'च्या शेजारामुळे असंच झालं आणि संस्कृत 'वर्त्मन्'ची प्राकृतातून 'वाट' झाली. गंमत अशी की, संस्कृत मंत्रांतले ट-ड लिहायला तिबेटी पंडितांनी त-द ही अक्षरं आरशातल्यासारखी उलटी करून ठेवली होती. पण घरच्या शब्दांत ट-ड उगवले तेव्हा ती वापरलीच नाहीत. जुनं क्र, प्र, ब्र तसंच राहिलं.

दुसरी खूण सुराची. 'का' आणि 'गा' सहज म्हणून बघा. 'गा'ची सुरुवात किंचित खालच्या सुरात होते. घोष व्यंजनं, म्हणजे ग-द-ब यांसारखी, सूर थोडा उतरवतात. व्यंजनांतला फरक पुसला गेला की हा किरकोळ फरकच अर्थाचा भार उचलू लागतो. पंजाबीत हेच झालं आणि 'घर' खालच्या सुरात, जवळपास 'कर' असं ऐकू येऊ लागलं. जोंगखात 'मी' म्हणजे 'ङा' आणि 'पाच' म्हणजेही 'ङा', पण पाचाच्या लेखनात पुढे एक मुका ल आहे. तो गेला आणि शब्दाचा सूर चढला. म्हणून मी खालच्या सुरात, पाच वरच्या. (आपल्याकडे ङ बिचारा 'वाङ्मया'पुरता उरलाय.) संस्कृताचा प्रवास उलट झाला. वेदांत उदात्त-अनुदात्त असे वरचे-खालचे सूर होते, 'इन्द्रशत्रु'चा सूर चुकला म्हणून वृत्र मेला अशी कथा आहे. पण पुढच्या बोलत्या संस्कृतातून ते सूर गेले.

मग संस्कृतचं भूतानशी काहीच नातं नाही का? आहे, बौद्ध धर्मामुळे. 'पेमा दोर्जी' हे तिथलं अगदी 'संजय जोशी' छापाचं नाव. 'पेमा' म्हणजे 'पद्म', उच्चार झिजलेला उसना शब्द. 'दोर्जी' मात्र उसना नाही. 'वज्र'चा तो अनुवाद आहे, शब्दशः 'दगडांचा स्वामी'. तिबेटी भाषांतरकार शक्यतो शब्द उचलत नसत, नवा घडवत. नवव्या शतकाच्या सुरुवातीला त्यासाठी हजारो शब्दांचा संस्कृत-तिबेटी कोश राजाज्ञेने तयार झाला होता. मराठीने तत्सम शब्द पोत्याने आणले, त्यांनी टाकसाळ काढली.

हाच 'दोर्जी', तिबेटीत 'दोर्जे', दार्जिलिंगमध्ये आहे. तिथला 'लिंग' म्हणजे जागा. तरीही 'दुर्जय लिंग' अशी व्युत्पत्ती छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ऐकायला सारखं म्हणून मूळ एक, एवढाच त्यांचा आधार.

परतताना पारोच्या विमानतळावर काकांना मी हे सगळं ऐकवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण पेमा तरी आपली ना?"

हो, पेमा आपली.