मेल सर्व्हरच्या निवडीमागचा इतिहास

भोसरीतल्या एखाद्या लहान कारखान्यात मेल सर्व्हरसाठी, म्हणजे कचेरीचे ई-मेल टपाल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या संगणकासाठी, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हा प्रश्न निघाला, की पोस्टफिक्स, मायक्रोसॉफ्टचे एक्स्चेंज, झिंब्रा अशी नावे एका रांगेत मांडून वैशिष्ट्यांचा तक्ता केला जातो. वास्तविक यांतले प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या काळातल्या वेगळ्या अडचणीतून घडले आहे, आणि ती अडचण आपलीही आहे का हे पाहिल्याशिवाय तक्त्याचा उपयोग नाही.

एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे टपाल पोचवण्याचे एसएमटीपी हे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये लिहून काढले. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या, त्यामुळे पाठवणारा खरोखर तोच आहे का हे तपासण्याची सोय त्यांत ठेवलीच नव्हती. बर्कलीत एरिक ऑलमन यांनी लिहिलेला सेंडमेल हा टपाल पोचवणारा प्रोग्राम याच वातावरणातला. नोव्हेंबर १९८८मध्ये मॉरिस वर्म हा एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्राम ज्या वाटांनी पसरला, त्यांतली एक वाट सेंडमेलमध्ये उघडी राहिलेली डीबगची, म्हणजे दोष शोधण्याची, सोय ही होती. एकच मोठा प्रोग्राम संगणकावरचे सर्वाधिकार घेऊन चालतो, हे सेंडमेलचे दुखणे होते. वित्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिलेल्या आणि १९९८मध्ये खुल्या झालेल्या पोस्टफिक्सने तेच काम अनेक छोट्या, कमी अधिकारांच्या प्रोग्रामांत वाटून दिले. लहान कचेरीसाठी तो आजही मला अधिक भरवशाचा वाटतो, तो याच रचनेमुळे. १९९६मध्ये आलेल्या एक्स्चेंजचा रोख वेगळा होता: टपालाबरोबर कचेरीचे कॅलेंडर आणि सामाईक पत्ते.

भारतात इंटरनेट सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. पुढची काही वर्षे पुण्यातल्या लहान उद्योगाकडे असे ती डायलअप जोडणी. सेवादाराकडे सगळ्या कंपनीची मिळून एकच पेटी, मोडेम ठरावीक वेळी फोन लावून ती रिकामी करी, आणि एमडेमनसारखे सॉफ्टवेअर पत्ता पाहून खरेदी, हिशेब, स्टोअर असे टपाल वाटून देई. ब्रॉडबँड आल्यावर तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकावर लिनक्स चढवणे परवडू लागले. औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी वीज जाई, थोड्या वेळात यूपीएसही मान टाकी, तरी येणारे टपाल हरवत नसे. कारण पाठवणारा सर्व्हर ते रांगेत ठेवून साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. त्या जुन्या नियमांतला हा सोशिकपणा फार मोलाचा आहे.

खरी अडचण आली ती जाणाऱ्या टपालाची. स्पॅम वाढला तसे बदलत्या आयपीवरून (जाळ्यावरच्या अंकी पत्त्यावरून) येणारे टपाल नाकारणाऱ्या याद्या तयार झाल्या. पाठवणाऱ्याची खात्री पटवणाऱ्या तीन पद्धतींपैकी एसपीएफचे तपशील २००६मध्ये, डीकेआयएमचे २००७मध्ये आणि डीमार्कचे २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने यांतल्या किमान अटी सर्वच पाठवणाऱ्यांना लागू केल्या. सर्व्हर उत्तम चालत असूनही कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडून राहते, ते येथेच. दरम्यान गूगलने ऑगस्ट २००६मध्ये ग्राहकाच्या स्वतःच्या डोमेनवर (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावर) फुकट मेल देऊ केला आणि पुष्कळांनी घरचा सर्व्हर बंद केला; नव्या ग्राहकांसाठी ते फुकटचे दार डिसेंबर २०१२मध्ये मिटले. टपाल आणि कॅलेंडर एकत्र देणाऱ्या झिंब्राची मालकी मात्र बदलत राहिली: ती २००७मध्ये याहूकडे, २०१०मध्ये व्हीएमवेअरकडे आणि २०१५मध्ये सिनॅकोरकडे गेली. मार्च २०२१मध्ये स्वतःच्या जागेत चालणाऱ्या एक्स्चेंजमधल्या गंभीर त्रुटी उघड झाल्या, तेव्हा दुरुस्त्या त्याच दिवशी चढवणारा माणूस नसलेल्या लहान कचेऱ्या सर्वाधिक उघड्या पडल्या.

भोसरीतल्या त्या कारखान्याने म्हणूनच आधी आपल्या जोडणीवाल्याला स्थिर आयपी आणि त्याची उलट डीएनएस नोंद (आयपीवरून सर्व्हरचे नाव सांगणारी) मिळेल का हे विचारावे. ती मिळत नसेल, तर सॉफ्टवेअर कोणतेही घेतले तरी जाणारे टपाल दुसऱ्याच्या रिलेतूनच, म्हणजे आपले टपाल पुढे पोचवून देणाऱ्या सर्व्हरमधूनच, पाठवावे लागते.