ओळखीचं वाटणं आणि आठवणं

लग्नाच्या कार्यालयात, अक्षता पडल्यावर आणि पानं मांडली जाण्याआधी, हमखास एखादी काकू समोर येते. "काय रे, ओळखलंस का मला?" आपण तोंडभर हसतो. "हो तर, न ओळखायला काय झालं!" "मग सांग बघू, कोण मी?" इथे आपली दांडी गुल.

आपण खोटं बोललेलो नसतो. चेहरा खरंच ओळखीचा असतो. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. ओळखताना वस्तू डोळ्यांसमोर असते, 'ही आधी पाहिलीय' एवढाच निवाडा करायचा असतो. आठवताना समोर काही नसतं, आतून उपसून काढावं लागतं. काकूंचा पहिला प्रश्न ओळखीचा, दुसरा आठवणीचा.

विसाची नोट घ्या. म्हणजे खरं तर घेऊ नका, खिशातच राहू द्या. तिच्या मागच्या बाजूला कुठलं चित्र आहे? हिरवट पिवळा रंग दिसला की रिक्षावाल्याला देताना आपण क्षणभरही अडखळत नाही. पण तिच्यावर वेरूळची लेणी आहेत, आपल्या संभाजीनगरजवळची, हे किती जणांना पटकन सांगता येईल? मला आलं नव्हतं. निकरसन आणि अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली अमेरिकेत लोकांना रोजच्या वापरातलं एक सेंटचं नाणं नुसत्या आठवणीतून काढायला लावलं, तेव्हा आठ ठळक खुणांपैकी साधारण तीनच जागच्या जागी आल्या.

ओळख मात्र भलतीच दांडगी असते. १९६७ साली रॉजर शेपर्ड यांनी लोकांना सहाशेवर चित्रं एकदाच दाखवली. लगेच नंतर जोड्या समोर ठेवून 'यातलं पाहिलेलं कोणतं?' असं विचारलं, तर शंभरातली सत्याण्णव-अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर आली. एवढी स्वस्तात मिळणारी गोष्ट म्हणूनच फसवते.

आमच्या घरी ती रोज फसवते. मुलगी दहावीला आहे. विज्ञानाच्या पुस्तकातला मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा धडा तिने तीनदा वाचला, हायलायटरने पानं पिवळीधमक केली. म्हटलं, पुस्तक मीट आणि सांग. "डोबेरायनरची त्रिकं... मग... मेंडेलीव्ह." मधला कोण? गप्प. पुस्तक उघडलं आणि ओरडलीच, "न्यूलँड्स! अहो बाबा, हा तर मला येत होता!" येत नव्हता, ओळखीचा होता. तिसऱ्यांदा वाचताना डोळे ओळींवरून सरसर सरकतात, आणि त्या सरसर सरकण्यालाच आपण 'पाठ झालं' म्हणतो.

रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ सालचा प्रयोग मला म्हणूनच आवडतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रं वाचला. दुसऱ्याने एकच सत्र वाचला आणि उरलेली तीन सत्रं, उतारा समोर न ठेवता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

थोडक्यात, आठवून पाहणं ही नुसती परीक्षा नाही, तो अभ्यासच आहे. जुन्या घरांत दिवेलागणीला परवचा म्हणायचे, बे एके बेपासून पावकी-निमकीपर्यंत. आपण त्याला घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडतो, पण तिथे पुस्तक कुणाच्याच हातात नसायचं. उणीव एकच. पाढा ओळीने म्हटला की मागची ओळ पुढचीला हात देते. माझी आई कणीक मळता मळता मध्येच विचारायची, "सात आठे?" आणि मी मनात सात एकेपासून धावत यायचो. तिला ते कळायचं. "पळू नकोस, थेट सांग."

अर्थात ओळख कमअस्सल नाही. पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत ती बरंच काम भागवते, वयाबरोबर आठवण मंदावते तेव्हाही तीच जास्त टिकून राहते. आणि जे नीट वाचलंच नाही ते आठवायला बसण्यात अर्थ नाही, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी समजून वाचायचं, मग मिटायचं, मग आठवायचं, आणि शेवटी पुस्तकाशी ताडून बघायचं. हे ताडून बघणं टाळलं तर चूकही तितकीच पक्की बसते. त्याच रात्री एकदा, दोन दिवसांनी एकदा, आठवड्याने एकदा, असं अंतर वाढवत गेलं तर पुरतं.

परीक्षा नसलेल्यांनी पेपर घडी घालून ठेवल्यावर त्यातल्या तीन बातम्या कुणाला तरी सांगाव्यात. एखादं नाव अडलं तर लगेच मोबाइल काढू नये, मिनिटभर तसंच अडून राहावं. मी वाण्याकडे जाताना यादी लिहितो, पण खिशात ठेवतो. आधी तोंडी सांगतो, पैसे देण्याआधी यादी उघडतो. परवा सातांतल्या सहा वस्तू आठवल्या. हिंग राहिला, आणि नेमका त्याच्याच डबीवर हात ठेवून मी उभा होतो.