रोटेट आणि रिव्हॉल्व्ह: फिरणं एक, आस दोन ठिकाणी

‘घालीन लोटांगण’ सुरू झालं की घरातले सगळे जागच्या जागी स्वतःभोवती फिरतात. देवळात मात्र आपण गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालतो. मराठी बोलण्यात दोन्हीला ‘गोल फिरणं’ म्हटलं की भागतं. इंग्रजीत पहिलं रोटेट आणि दुसरं रिव्हॉल्व्ह. भूगोलाच्या पुस्तकात यांनाच परिवलन आणि परिभ्रमण म्हणतात. दोन्ही शब्द ‘परि’ने सुरू होतात, त्यामुळे पेपरात मुलं हटकून अदलाबदल करतात.

ओळखायची खूण एकच. ज्याभोवती फिरणं चाललंय तो आस वस्तूच्या आत आहे की बाहेर, एवढं बघायचं. आत असेल तर रोटेट, बाहेर असेल तर रिव्हॉल्व्ह. भोवरा, जातं, छताचा पंखा हे सगळे रोटेट होतात. पृथ्वी मात्र एकाच वेळी दोन्ही करते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरी पुरी करायला २४ तास लागतात, असं आपण पाठ केलेलं असतं. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलं तर ती फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांतच पुरी होते. मग उरलेली चार मिनिटं कशाची? ती एक फेरी होईपर्यंत पृथ्वी सूर्याभोवतीच्या वाटेवर साधारण एक अंश पुढे सरकलेली असते. सूर्य पुन्हा डोक्यावर यायचा तर तिला आणखी अंशभर वळावं लागतं, आणि एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. म्हणून वर्षाचे दिवस ३६५ असले तरी ताऱ्यांच्या हिशेबाने परिवलनं सुमारे ३६६ होतात. याच चार मिनिटांमुळे प्रत्येक तारा रोज थोडा लवकर उगवतो, महिन्याला दोन तास. डिसेंबरात संध्याकाळनंतर पूर्वेला झळकणारं मृग नक्षत्र जूनमध्ये का दिसत नाही, त्याचं कारण हेच. ७-८ जूनच्या सुमाराला ‘मृग लागला’ म्हणतात, तेव्हा सूर्यच मृगात असतो आणि ते तारे दिवसा आकाशात असतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो चंद्राचा. त्याची एकच बाजू आपल्याला दिसते, तेव्हा तो स्वतःभोवती फिरतच नसणार, असं चांगले शिकलेले लोकही ठामपणे सांगतात. त्यांनी प्रदक्षिणा घालताना स्वतःकडे नीट लक्ष द्यावं. देव सतत उजव्या हाताला असतो, पण फेरी संपेपर्यंत आपलं तोंड चारही दिशांना होऊन आलेलं असतं. म्हणजे एका प्रदक्षिणेत स्वतःभोवतीची एक फेरीही झाली. चंद्राचं तसंच आहे. त्याचं परिवलन आणि परिभ्रमण, दोन्हीला सुमारे २७.३ दिवस लागतात. तो स्वतःभोवती फिरत नसता तर जत्रेतल्या आकाशपाळण्याच्या बैठकीसारखा, तोंड एकाच दिशेला ठेवून पृथ्वीभोवती गेला असता, आणि महिन्याभरात आपल्याला त्याच्या सगळ्या बाजू दिसल्या असत्या. प्रत्यक्षात पलीकडच्या बाजूचा पहिला फोटो मिळायला १९५९ साल उजाडलं. तो सोव्हिएत संघाच्या लूना ३ यानाने काढला.

शुक्राचा हिशेब तर आणखी अजब. त्याला सूर्याभोवती जायला सुमारे २२५ दिवस लागतात, पण स्वतःभोवती फिरायला २४३. तेही उलट दिशेने.

‘स्पिन’ हा रोटेटच्याच घरातला, फक्त वेग जास्त. ‘व्हर्ल’ मात्र आसाची पंचाईत करत बसत नाही. पाण्याचा भोवरा असो की धुळीची वावटळ, गरगर असली की झालं.

आता एक अडचण. हा भेद खगोल आणि भूगोलात जितका कडक आहे, तितका रोजच्या इंग्रजीत नाही. हॉटेलचं रिव्हॉल्व्हिंग डोअर स्वतःच्याच मधल्या खांबाभोवती फिरतं. इंजिनचा आरपीएम म्हणजे रिव्होल्यूशन्स पर मिनिट, पण क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य दांडा, फिरतो जागच्या जागीच. सॅम्युअल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत ज्याचं पेटंट घेतलं त्या रिव्हॉल्व्हरचंही तसंच. तिथला गोळ्यांचा दंडगोल रोटेट होतो. आस बाहेर असतो तो त्यातल्या एकेका गोळीच्या दृष्टीने. हे शब्द इंग्रजीत इतके रुळलेत की त्यांत चूक काढू नये, असं मला वाटतं.

पण ‘द अर्थ रोटेट्स अराउंड द सन’ हे वाक्य चुकीचंच. ‘रोटेट्स ऑन इट्स ॲक्सिस’ आणि ‘रिव्हॉल्व्ह्ज अराउंड द सन’, अशा जोड्याच मुलांकडून घोकून घ्याव्यात.