अपडेट बंद केलं, तरी फोन अपडेट होतोच कसा?

सेटिंग्जमध्ये जाऊन 'ऑटो अपडेट' बंद करायचं आणि आठवड्याभरात एखाद्या अ‍ॅपचं रूपडंच पालटलेलं पाहायचं, हा अनुभव अनेकांचा आहे. याचं कारण जुनं आहे. फोनमध्ये अपडेट शिरायच्या वाटा तीन-चार आहेत. त्या वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या गरजेपोटी निघाल्या. एक बंद केली तरी बाकीच्या उघड्याच राहतात.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. 2007 चा आयफोन केबलने संगणकाला जोडून आयट्यून्स या अ‍ॅपलच्या प्रोग्राममधून अपडेट करावा लागे. अपडेट नको असेल तर केबल लावायची नाही, संपलं. ऑक्टोबर 2011 मध्ये आयओएस 5 ही आयफोनची नवी सिस्टिम आली आणि अपडेट थेट फोनवर उतरू लागलं. अँड्रॉइडवर ही सोय पहिल्यापासून होती. 2010 च्या अँड्रॉइड 2.2 मध्ये अ‍ॅप आपोआप अपडेट करायची सोय आली, तीही एकेका अ‍ॅपसमोर खूण करून. खूण आपण करायची होती. पुढे ती आधीच केलेली मिळू लागली. आयओएस 7 ने 2013 मध्ये तोच कित्ता गिरवला.

हवा खरी बदलली ती 2015 मध्ये. अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट या व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या भागात अशा त्रुटी सापडल्या की नुसत्या एका एमएमएसने फोनचा ताबा घेता यावा. त्यानंतर गुगल आणि सॅमसंग यांनी दर महिन्याला सुरक्षा पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारं छोटं अपडेट, द्यायचं जाहीर केलं. पण तो पॅच ग्राहकापर्यंत पोचायचा तर वाटेत फोन बनवणारी कंपनी, कधी सिम कंपनीही. त्यामुळे गुगलने आडवाट रुंद केली. प्ले सर्व्हिसेस ही पडद्यामागे चालणारी, गुगलकडून थेट अपडेट होणारी सेवा 2012 पासून होतीच. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून खुद्द सिस्टिमचे काही भागही प्ले सिस्टिम अपडेटमधून येऊ लागले. प्ले स्टोअरमधली कळ प्ले सर्व्हिसेसला लागू होत नाही. शिवाय गंभीर त्रुटी बुजवायची असेल तर सेटिंग काहीही असो, ठरावीक अ‍ॅप अपडेट करायचा हक्क गुगलने राखून ठेवला आहे.

आता कळांकडे. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल चित्र, सेटिंग्ज, नेटवर्क प्रेफरन्सेस, ऑटो-अपडेट अ‍ॅप्स. तिथे 'डोन्ट ऑटो-अपडेट' निवडा. एकच अ‍ॅप थांबवायचं असेल तर त्याच्या पानावरच्या तीन ठिपक्यांतून 'एनेबल ऑटो अपडेट'ची खूण काढा. सिस्टिमसाठी 'अबाऊट फोन'मधल्या 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात 'ऑटोमॅटिक सिस्टिम अपडेट्स' बंद करता येतं. ही कळ 2016 च्या अँड्रॉइड 7 नंतरच्या रचनेतून आली. त्यात सिस्टिमच्या दोन प्रती असतात. आपण एक वापरत असताना दुसरीवर अपडेट लिहिलं जातं आणि रीस्टार्टला अदलाबदल होते. म्हणजे साधा रीस्टार्टही नवी आवृत्ती चालू करू शकतो. मात्र काही कंपन्यांचा अपडेटर स्वतःचा असतो आणि तो या कळीला जुमानत नाही. सॅमसंगवर 'सॉफ्टवेअर अपडेट'मध्ये वायफायवरचं ऑटो डाउनलोड वेगळं बंद करावं लागतं.

आयफोनची गंमत निराळी. आयओएस 12 ने 2018 मध्ये आपोआप अपडेटची कळ दिली, पण ती बंद असली तरी फाइल गुपचूप उतरतच असे. जुलै 2020 च्या आयओएस 13.6 मध्ये डाउनलोड आणि इन्स्टॉल अशा दोन कळा झाल्या. दोन्ही बंद करा आणि आधी उतरलेली फाइल जनरलमधल्या आयफोन स्टोरेजमध्ये शोधून डिलीट करा. डाउनलोडची कळ चालू ठेवून फाइल काढाल, तर वायफाय मिळताच ती परत येईल.

लोक एवढी खटपट का करतात? सप्टेंबर 2014 मध्ये आयओएस 8.0.1 ने आयफोन 6 चं नेटवर्क आणि टच आयडी बंद पाडलं. अपडेट तासाभरात मागे घ्यावं लागलं. 2017 च्या आयओएस 10.2.1 ने जुन्या बॅटरीचे फोन संथ केले, आणि अ‍ॅपलने हे कबूल केलं ते डिसेंबरात. त्यात मागे फिरायला वाव नाही: अ‍ॅपलने जुन्या आवृत्तीवर सही करणं, म्हणजे तिला डिजिटल मंजुरी देणं, थांबवलं की ती चढत नाही. 2023 मधल्या 'रॅपिड सिक्युरिटी रिस्पॉन्स' या छोट्या सुरक्षा अपडेटचा तेवढा अपवाद. ते अबाऊटमधल्या आयओएस व्हर्जनवर जाऊन काढता येत असे.

आणि जिथे धोका बॅटरीचाच असतो, तिथे कळ विचारातच घेत नाहीत. बॅटरी पेट घेणाऱ्या सॅमसंगच्या 2016 च्या नोट 7 ला अपडेट पाठवूनच आधी चार्जिंग 60 टक्क्यांवर अडवलं, मग काही देशांत चार्जिंगच बंद केलं. 2025 मध्ये गुगलच्या काही पिक्सेल 6ए फोनना 400 चार्ज सायकलनंतर बॅटरीची क्षमता घटवणारं अपडेट आलं, तेही सक्तीचंच.