क्षमापना

क्षमापना म्हणजे वर्षभरात मनाने, वाणीने किंवा कृतीने ज्यांना दुखावले त्यांची क्षमा मागणे आणि ज्यांनी आपल्याला दुखावले त्यांना क्षमा करणे. ही दोन्ही कामे ठरलेल्या दिवशी, एकाच दमात उरकण्याची ही जैन प्रथा आहे. श्वेतांबर परंपरेत ती पर्युषण या आठ दिवसांच्या पर्वाच्या आठव्या, म्हणजे संवत्सरीच्या दिवशी होते. दिगंबरांचे दहा धर्मांचे (सद्गुणांचे) दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीला संपते आणि त्यानंतर भाद्रपद वद्य प्रतिपदेला ‘क्षमावाणी’ साजरी होते. त्या दहा धर्मांतही पहिला मान ‘उत्तम क्षमा’ याचाच. २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ४४.५ लाख जैनांपैकी १४ लाख महाराष्ट्रात होते. त्यामुळे ‘मिच्छा मि दुक्कडं’ (माझे दुष्कृत्य निष्फळ होवो) हे प्राकृत शब्द जैनेतर मराठी माणसाच्याही कानावरून गेलेले असतात.

क्षमा बहुतेक धर्मांनी गौरवली आहे. जैनांनी तिला मुदत घातली, हे या प्रथेचे खरे वेगळेपण. श्वेतांबर कर्मग्रंथांत क्रोधाच्या चार प्रती सांगितल्या आहेत. पाण्यावरच्या रेघेसारखा क्रोध पंधरवड्यात विरतो. वाळूतल्या रेघेसारखा चार महिने टिकतो, जमिनीला पडलेल्या भेगेसारखा वर्षभर, आणि डोंगराला गेलेल्या तड्यासारखा जन्मभर. या शेवटच्याला ‘अनंतानुबंधी’ म्हणतात. तो जिवाला सम्यक् दर्शनापर्यंतच, म्हणजे योग्य श्रद्धेपर्यंतच, पोचू देत नाही. प्रतिक्रमणाचे, म्हणजे दोष आठवून कबूल करण्याच्या विधीचे, वेळापत्रक याच्याशी ताडून पाहावे. रोजचे सकाळ-संध्याकाळचे प्रतिक्रमण सोडले, तर पुढची तीन अनुक्रमे पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक आहेत. म्हणजे राग पुढच्या, अधिक चिवट प्रतीत जाण्याआधी दर टप्प्यावर एक फाटक आहे आणि संवत्सरी हे त्यांतले शेवटचे. ते ओलांडूनही ज्याने अबोला धरून ठेवला, त्याच्या रागाची जात बदलली असे मानतात. त्यातल्या कायोत्सर्गाचा (देहभान सोडून निश्चल ध्यान करण्याचा) अवधीही टप्प्यागणिक वाढतो. श्वेतांबरांतील मूर्तिपूजक परंपरेत तो पाक्षिकाला ३०० श्वासोच्छ्वासांचा, चातुर्मासिकाला ५०० चा आणि संवत्सरीला १००८ चा असतो.

संवत्सरीच्या संध्याकाळी उपाश्रयात किंवा स्थानकात (साधूंच्या मुक्कामाच्या व धर्मक्रियेच्या जागेत) कटासणे (लोकरी बैठक) अंथरून, हातात मुहपत्ती (तोंडापुढे धरायचे वस्त्र) घेऊन बसलेल्या माणसांना दोन-तीन तास हलता येत नाही. क्षमा आधी मागितली जाते ती माणसांची नव्हे. ‘इरियावहिया’ सूत्रात येता-जाता पायाखाली आलेले जीव, बी-बियाणे, हिरवळ, दव, मुंग्यांची वारुळे, शेवाळ, चिखल आणि कोळ्याची जाळी यांची यादी आहे. मग एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जिवांना ठोकरले, धुळीने झाकले, एकमेकांवर रगडले, जागचे हलवले, असा एकेक अपराध नाव घेऊन कबूल केला जातो. मोघम ‘चुकलो’ म्हणून सुटका नाही. पुढे ‘वंदित्तु’ सूत्रातील प्रसिद्ध गाथा येते : ‘खामेमि सव्वजीवे, सव्वे जीवा खमंतु मे । मित्ती मे सव्वभूएसु, वेरं मज्झं न केणई ॥’ मी सर्व जिवांना क्षमा करतो, सर्व जीव मला क्षमा करोत; सर्वांशी माझी मैत्री आहे, कोणाशीही वैर नाही. देण्याचा भाग आधी आणि मागण्याचा नंतर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

आधी कोणी वाकायचे, हा घरोघरीचा पेच. पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्राच्या ‘सामाचारी’ (आचारनियम) विभागात साधूंपुरते त्याचे उत्तर आहे. दीक्षेने लहान असलेल्याने थोराची क्षमा मागावी, आणि थोरानेही लहानाची मागावी. समोरचा विरघळेल की नाही याची वाट पाहायची नाही. ‘जो शांत होतो त्याची आराधना होते, जो होत नाही त्याची होत नाही’, असे सूत्र स्पष्ट सांगते. गृहस्थांच्या घरातही हा नियम झिरपला आहे. सासू सुनेपुढे, दुकानमालक नोकरापुढे हात जोडतो. वर्षातून एकदाच का होईना, हे अवघडलेपण सोसावे लागते, आणि माझ्या मते प्रथेचे निम्मे बळ त्यातच आहे.

परंपरेने गैरवापरही ओळखला होता. आवश्यकसूत्रावरील टीकांमध्ये येणारी कुंभाराची गोष्ट त्यासाठी आजही सांगितली जाते. एक बाल साधू खडे मारून कुंभाराच्या मडक्यांना भोके पाडतो. कुंभार ओरडला की ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणतो आणि पुन्हा खडा उचलतो. शेवटी कुंभार त्याचा कान पिरगाळतो. पोरगा कळवळला की तोही ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणतो आणि पुन्हा पिरगाळतो. उपदेशकथांत इतकी खट्याळ गोष्ट विरळाच. दुसऱ्या टोकाला उदायन राजाची कथा आहे. त्याने उज्जैनचा राजा चंडप्रद्योत याला जिंकून, कपाळावर अपमानाची अक्षरे डागून कैद केले होते. वाटेत संवत्सरी आली. कैदी बेडीत असताना ‘कोणाशीही वैर नाही’ म्हणणे उदायनाला जमेना. त्याने त्याला सोडले, राज्य परत केले आणि कपाळावरचा डाग झाकायला सुवर्णपट्ट दिला. कथेतल्या क्षमेला भरपाई चिकटलेली आहे, ती अशी.

लांब असलेल्यांची क्षमा पत्राने मागत. संघाने आचार्यांना पाठवलेली ‘विज्ञप्तिपत्रे’ ही लांबलचक चित्रित गुंडाळ्यांची परंपरा त्यातूनच बहरली. १६१० मध्ये आग्ऱ्याच्या संघाने आचार्य विजयसेन सूरींना धाडलेले, शालिवाहन या चित्रकाराने रंगवलेले पत्र विशेष प्रसिद्ध आहे. त्यात जहांगीराचा दरबारही दिसतो. गुंडाळ्यांची जागा पुढे छापील पोस्टकार्डांनी घेतली आणि पोस्टकार्डांची व्हॉट्सॲपने. ‘जाणते-अजाणतेपणी मन दुखावले असल्यास’ हा मजकूर आता एका बोटाने दोनशे जणांना जातो. त्यांतल्या एकशे नव्वदांशी पाठवणाऱ्याचे कधी वाजलेले नसते. ज्या चुलतभावाशी हिश्श्यावरून कोर्टात तारखा चालू असतात, तो नेमका यादीत नसतो. प्रवचनांतून साधू-साध्वी यावर दरवर्षी कोरडे ओढतात.

महाराष्ट्राचा या प्रथेशी एक जुना धागा आहे, तो पैठणचा. संवत्सरी मुळात भाद्रपद शुद्ध पंचमीची. निशीथचूर्णी हा टीकाग्रंथ व कालकाचार्य या जैन आचार्यांच्या कथा सांगतात की, प्रतिष्ठानच्या (म्हणजे पैठणच्या) सातवाहन राजाला त्या दिवशी इंद्रमहोत्सवात हजर राहणे भाग होते. पर्व षष्ठीला करावे, अशी विनंती त्याने कालकाचार्यांना केली. आचार्यांनी ती नाकारली. ती रात्र ओलांडता येत नाही, तिच्याआधी मात्र पर्व करता येते, असा कल्पसूत्राचा दंडक आहे. म्हणून त्यांनी चतुर्थी दिली. मूर्तिपूजकांपैकी तपागच्छ या शाखेत आजही साधारणतः चतुर्थी पाळतात, तर मूर्तिपूजा न मानणारे स्थानकवासी व तेरापंथी पंचमी. परिणामी मुंबई-पुण्यात एकांची संवत्सरी गणेश चतुर्थीला आणि दुसऱ्यांची ऋषिपंचमीला येते. दिगंबरांचे दशलक्षण पंचमीलाच सुरू होते आणि त्यांची क्षमावाणी पितृपक्षाच्या तोंडावर पडते. तिथीवरून पंथांमध्ये झालेले वाद बरेच लांबले आहेत.